छताचा डाग रंगवण्याआधी त्याची वेळ लिहून ठेवा

वाचकाचं पत्र

नमस्कार. जुळे सोलापुरात आमचं बैठं घर आहे, बांधून २२ वर्षं झाली. वर गच्ची आणि गच्चीवर पाण्याच्या दोन काळ्या टाक्या. गेल्या वर्षी आतल्या खोलीत पंख्याच्या बाजूला पिवळट डाग पडला. दिवाळीला पुट्टी भरून रंग दिला, संक्रांतीपर्यंत डाग परत आला. आता त्याची कड तांबूस झाली आहे, मधला रंग फुगलाय आणि अधूनमधून अंथरुणावर पांढरी पूड पडते. पाऊस नसतानाही डाग कधीकधी ओला दिसतो, याचं नवल वाटतं. रंगारी म्हणतो, आतून डॅम्पप्रूफचे दोन हात मारू. मिस्टर म्हणतात, गच्चीवर वॉटरप्रूफिंगचा डबा आणून ओतू. कुणाचं ऐकू? त्या खोलीत सासूबाई झोपतात. आणखी एक. मंगळवेढ्याजवळ माहेरचं माळवदाचं जुनं घर आहे, आईवडील तिथेच राहतात. तेही गळतंय. दोन्हीकडे एकच औषध चालेल का?

– एक वाचक, सोलापूर

उत्तर

ताई, नमस्कार.

कुणाचं ऐकायचं ते पुढे सांगतो. त्याआधी सासूबाईंची कॉट आजच त्या खोलीतून हलवा. तुमचं पत्र वाचताना माझं लक्ष डागाच्या तांबूस कडेवर आणि फुगलेल्या रंगावर अडलं. नुसतं पाणी झिरपत असेल तर डाग पिवळा किंवा तपकिरी राहतो. त्याला तांबूस छटा आली की स्लॅबमधली सळई गंजत असल्याची शंका घ्यायलाच हवी. लोखंड गंजलं की फुगतं, मूळ लोखंडापेक्षा गंजाला कितीतरी जास्त जागा लागते, आणि ती जागा तो सळईखालचं काँक्रीट ढकलून करून घेतो. आधी केसाएवढी चीर दिसते, मग फुगवटा येतो आणि एखाद्या दिवशी खपली सुटते. ताटाएवढी, इंचभर जाडीची खपली चार किलोच्या आसपास भरते. ती झोपलेल्या माणसावर पडली तर काय होईल, हे लिहायची गरज नाही.

पंखाही बंद ठेवा. नुसतं बटण बंद करून भागणार नाही, मेन बोर्डातला त्या खोलीचा एमसीबी पाडा. पंख्याचा हूक स्लॅबच्या सळयांतच अडकवलेला असतो, त्यामुळे सळई गंजत असेल तर हुकावरही भरवसा ठेवता येत नाही. त्या खोलीच्या भिंतीला किंवा बोर्डाला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील तर मेन स्विच बंद करून वायरमनला बोलवा. घरात ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज झिरपू लागली की पुरवठा आपोआप तोडणारा स्विच) नसेल तर त्याच फेरीत बसवून घ्या. छत गळो न गळो, तो प्रत्येक घरात असायलाच हवा.

मग एक लांब दांडा घ्या, झाडूचा चालेल. डागाच्या खाली उभं न राहता बाजूला उभं राहून, डागापासून दूरच्या जागेवर छताला हलकेच ठोका आणि हळूहळू डागाकडे या. चांगल्या छताचा आवाज भरीव, ठणठणीत येतो. जिथे तो बदबदीत, पोकळ होतो तिथे पेन्सिलीने खूण करा. पोकळ भाग डागापेक्षा मोठा निघाला तर घाबरू नका, पण तिथेच थांबा आणि तो भाग जाणत्या गवंड्याकडून पाडून घ्या. स्टुलावर चढून स्वतः उचकटायला जाऊ नका, मिस्टरांनाही जाऊ देऊ नका. (ज्यांच्याकडे पीओपीचं फॉल्स सीलिंग आहे त्यांच्यासाठी: छत पोटासारखं खाली आलं असेल तर वर पाणी साठलेलं असतं. आधी वीज बंद करा, खाली बादली ठेवा, बाजूला उभं राहून स्क्रू ड्रायव्हरने एक लहान भोक पाडा. तसं केलं नाही तर सगळी पाटी एकदम कोसळते.)

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पाऊस नसतानाही डाग ओला दिसतो, हे तुम्ही नवल म्हणून लिहिलंत. माझ्या मते अख्ख्या पत्रातलं सगळ्यात कामाचं वाक्य तेच आहे. छताचं पाणी कुठून येतं हे ओळखायला डागाचा आकार फारसा उपयोगी पडत नाही. तो कधी ओला होतो, हे महत्त्वाचं. म्हणून पेन्सिलीने डागाच्या कडेने रेघ मारा आणि बाजूला तारीख लिहा. स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर, जिथे दुधाचा हिशेब लिहिता तिथेच, दोन गोष्टी टिपत जा: नळाला पाणी कधी आलं आणि डाग कधी ओलावला.

आपल्या शहरात नळाला रोज पाणी येत नाही. काही दिवसांआड येतं, कधी पहाटे तर कधी रात्री बाराला. पाणी आलं की मोटर लावायची, हौद भरायचा, टाक्या भरायच्या, आणि पुन्हा पाणी कधी येईल या धास्तीने टाकी भरून वाहीपर्यंत मोटर चालू ठेवायची. सोलापुरातल्या कितीतरी घरांत मी हेच पाहिलं आहे. टाकीतला फ्लोट मोडलेला असतो किंवा ओव्हरफ्लोची नळी टाकीच्या तोंडापाशीच संपते. उजनीहून आणलेलं पाणी गच्चीवर पसरतं, टाकीखालच्या विटांच्या ओट्याभोवती तुंबतं आणि उन्हाने वाळेपर्यंत तिथेच मुरत राहतं. पावसाळ्यात गच्ची भिजते ती मोजके दिवस, पण टाकीची कड बारा महिने भिजते. तुमच्या कॅलेंडरवर पाणी आल्याच्या दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी 'डाग ओला' अशी नोंद पडू लागली, तर गुन्हेगार पाऊस नाही, टाकी आहे.

वेळेवरून इतर कारणंही कळतात. फक्त पावसानंतर काही तासांनी ओल आली तर गच्चीचा उतार, चिरा किंवा पॅरापेटचा, म्हणजे गच्चीच्या कठड्याचा सांधा पाहायचा. पाणी येवो न येवो, डाग रोजच ओला राहत असेल तर टाकीतून खाली येणाऱ्या पाइपचा सांधा किंवा टाकीच्या बुडाचं सॉकेट थेंबथेंब गळत असतं. वर बाथरूम असेल आणि अंघोळी झाल्यावर ओल वाढत असेल तर नहाणीच्या जाळीभोवतीचा सांधा गेलेला असतो. एसी असेल तर त्याची निचऱ्याची नळीही एकदा पाहून घ्यावी.

पंख्याजवळचा डाग फसवा असतो, हेही लक्षात ठेवा. स्लॅब भरताना वायरींसाठी आत प्लास्टिकच्या नळ्या टाकतात, त्या पंख्याच्या डब्यापर्यंत येतात. गच्चीच्या दुसऱ्या टोकाला आत शिरलेलं पाणी त्या नळीतून वाहत येऊन नेमकं पंख्यापाशी टपकतं. होटगी रोडवरच्या एका घरात पंख्याच्या दांडीवरची प्लास्टिकची वाटी खाली सरकवली, तर तिच्यात अर्धी वाटी गढूळ पाणी होतं. वर गच्चीत त्या जागी एकही चीर नव्हती. पाणी आठ-दहा फुटांवरच्या टाकीच्या कोपऱ्यातून आत आलं होतं. त्यामुळे डागाच्या बरोबर वरची फरशी फोडायला निघालेल्या गवंड्याला आधी थांबवा.

शंका पक्की करायची असेल तर दोन सोप्या परीक्षा आहेत. पहिली बिनखर्चाची: ओव्हरफ्लोला नळी जोडून ती थेट पावसाळी पाइपात सोडा आणि पाण्याच्या दोन पाळ्या गच्ची पूर्ण कोरडी ठेवा. डाग पेन्सिलीच्या रेघेच्या आत आक्रसला की उत्तर मिळालं. नाही मिळालं तर दुसरी परीक्षा करा. पोती भिजवून गच्चीच्या एकाच भागावर अंथरा, चारपाच तास ओली ठेवा आणि खाली पाहा. काही झालं नाही तर दुसऱ्या दिवशी पुढचा भाग. सुरुवात सखल बाजूपासून करा. पाण्याची तोंडं बुजवून सगळी गच्ची २४ तास तुंबवून पाहण्याची पद्धत बरेच ठेकेदार वापरतात आणि नव्या कामावर ती योग्यही आहे, पण तुमच्या स्लॅबची खपली सुटायला आलेली असताना वर पाणी कोंडू नका.

पांढऱ्या पुडीबद्दल थोडक्यात. चिमटीत चुरून पाहा. गुळगुळीत भुकटी असेल तर ती भिजून सुटलेली पुट्टी. कापसासारखे तंतू किंवा खरखरीत कण असतील तर ते पाण्याबरोबर सिमेंट-विटांतून बाहेर आलेले क्षार. टाकीत बोअरचं पाणीही भरत असाल तर क्षार जास्त दिसतील. काळे-हिरवे ठिपके म्हणजे बुरशी. सासूबाईंना दम्याचा किंवा खोकल्याचा त्रास असेल तर त्यांनी त्या खोलीत दिवसाही फार बसू नये.

आता रंगारी आणि मिस्टर. रंगाऱ्याचं ऐकू नका. पाणी वरून येतं आहे आणि तो खालचं दार लावायला सांगतो आहे. आतून जलरोधक रंग मारला की पाणी स्लॅबमध्येच कोंडतं, सळई आतल्या आत गंजत राहते आणि तुम्हाला दिसणारी एकुलती खूण मात्र झाकली जाते. डाग दिसत होता म्हणून तुम्ही पत्र लिहिलंत. तो वर्षभर दिसला नसता तर पहिली बातमी खपलीनेच दिली असती.

मिस्टरांची दिशा बरोबर आहे, इलाज वरूनच व्हायला हवा. पण डबा हा शेवटचा टप्पा आहे. आधी टाकीचं काम. फ्लोट बदला, सॉकेट आणि व्हॉल्व्ह नवे बसवा, ओव्हरफ्लो पाइपात सोडा. टाक्या विटांच्या सपाट ओट्यावर असतील तर तो ओटा काढून लोखंडी किंवा काँक्रीटच्या स्टँडवर चढवा, म्हणजे खाली झाडू फिरेल आणि ऊन लागेल. एक हजार लिटरची टाकी भरली की एक टन वजन होतं. तुमच्या दोन टाक्या खोलीच्या छताच्या मध्यावर असतील तर त्या भिंतीवर किंवा बीमवर सरकवायलाच हव्यात. हे काम लोक नेहमी पुढे ढकलतात. मी तुम्हाला आग्रहाने सांगतो, ढकलू नका.

मग गच्ची. पॅरापेटमध्ये पिंपळाचं रोपटं उगवलं असेल तर ते मुळासकट काढायला हवं, नुसतं छाटून ते दुप्पट जोमाने येतं. पाणी जाण्याच्या तोंडाकडे दहा फुटांना सव्वा इंच तरी उतार असावा. बादलीभर पाणी ओतून पाहा, कुठे थबकतं ते लगेच कळेल. भिंत आणि गच्ची मिळते त्या कोपऱ्यात सिमेंटची गोलाई हवी, गवंडी तिला 'वाटा' म्हणतात. बहुतेक जुन्या घरांत पाणी शिरतं ते तिथूनच, कारण भिंत आणि स्लॅब उन्हात वेगवेगळ्या चालीने फुगतात आणि सांधा उघडतो. सोलापूरचा उन्हाळा तुम्हाला मी काय सांगणार? पारा चाळिशीच्या वर, गच्चीवर पाय ठेववत नाही, आणि तशात दुपारी वळीव कोसळतो. तापलेला स्लॅब मिनिटांत गार पडतो आणि चिरा रुंदावतात. म्हणून चिरेवर नुसता सिमेंटचा लेप टिकत नाही. चीर व्ही आकारात खोदून, झटकून, ताणली जाईल अशा पॉलिमरच्या मसाल्याने भरावी लागते. हे सगळं झाल्यावर डबा उघडायचा. गच्ची स्वच्छ आणि कोरडी हवी, पहिला हात आडवा, दुसरा उभा, आणि चिरांवर व वाट्यावर मधे जाळीचं कापड. पांढरा लेप निवडलात तर खोलीही थोडी गार राहील.

कामाला संक्रांतीनंतरचे, उन्हाळा तापण्याआधीचे दिवस चांगले. उन्हाळा ऐन भरात आल्यावर सिमेंटचं काम केलं तर ते भाजल्यासारखं कोरडं पडून पुन्हा चिरतं. करावंच लागलं तर सकाळी लवकर करायचं आणि किमान सात दिवस ओल्या पोत्यांखाली ठेवायचं. मृगाआधी उरकता आलं नाही तरी हाय खाऊ नका. आपल्याकडे जोराचा पाऊस बऱ्याचदा सप्टेंबरात, परतीच्या वाटेवर येतो आणि मधे उघडीप मिळते. मात्र 'सोलापुरात पाऊस असतो कुठे' या भरवशावर राहू नका. ऑक्टोबर २०२० मध्ये एका दिवसरात्रीच्या पावसाने शहराची आणि जिल्ह्याची काय दैना केली ती सगळ्यांना आठवते.

वरचं पाणी थांबल्यावर खालचं काम. पोकळ भाग खणखणीत काँक्रीट लागेपर्यंत पाडायचा, सळई तारेच्या ब्रशने चकाकेपर्यंत घासायची, तिला गंजरोधक प्रायमर लावायचा, मग जोडणीचा लेप आणि पॉलिमर मिसळलेल्या मसाल्याचे पातळ थर. उघडी पडलेली सळई जागोजागी बारीक झाली असेल, एकाहून जास्त सळया दिसत असतील किंवा बीमला चीर असेल, तर गवंड्यावर सोडू नका. स्ट्रक्चरल इंजिनिअरला बोलवा. त्याची फी डोळ्यांत भरेल, तरी द्या.

रंगाची घाई शेवटपर्यंत करायची नाही. काम झाल्यावर पाण्याच्या दोनतीन पाळ्या जाऊ द्या. मग फूटभर लांबीरुंदीचा प्लास्टिकचा तुकडा छताला चारी बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट लावा आणि २४ तासांनी पाहा. छताकडच्या बाजूला दव दिसलं तर स्लॅब अजून ओला आहे, आणखी थांबा. कोरडं असेल तर रंगाऱ्याला बोलवा, तेव्हा त्याचं काम खरं. जुना डाग पाण्यात कालवायच्या रंगातून पुन्हा वर येतो, म्हणून आधी ऑइल प्रायमरचा एक हात द्यायला सांगा.

फ्लॅटमध्ये राहणाऱ्यांचीही अशीच पत्रं येतात, त्यांच्यासाठी दोन ओळी. गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्ची दुरुस्त करणं, आणि गच्चीतून पावसाचं पाणी गळून वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटचं छत खराब झालं असेल तर तेही दुरुस्त करणं, संस्थेचं काम आहे. वरच्या घरातल्या संडास-बाथरूम-सिंकची गळती असेल तर खर्च त्या सभासदाचा. आणि इमारत नवी असेल तर ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांच्या आत दाखवून दिलेला बांधकामातला दोष बिल्डरने ३० दिवसांत, पैसे न घेता दुरुस्त करायचा, असं रेरा, म्हणजे बिल्डरांवर नियमन ठेवणारा कायदा सांगतो. तक्रार लेखी द्या, पोच घ्या, आणि तारीख दिसेल असे फोटो काढून ठेवा.

राहिलं माहेरचं माळवद. ताई, तिथे हे औषध अजिबात चालणार नाही. स्लॅब काँक्रीटचा, माळवद लाकूड आणि मातीचं. तुळया, त्यावर आडवी लाकडं किंवा फळ्या, वर तुराट्या-पाचटाचा थर आणि त्यावर माती. मातीत जाणारी ओल मातीतूनच बाहेर पडते, माळवद श्वास घेतं ते असं. त्यावर सिमेंटचा कोबा घातला तर वजन वाढतं, कोबा लाकडाच्या हालचालीने तडकतो आणि चिरेतून गेलेलं पाणी बाहेर पडायला वाटच उरत नाही. तुळया आतून कुजतात. दरवर्षी गळालं की वर आणखी माती टाकत गेल्यानेही तेच होतं. वर्षानुवर्षांच्या थरांनी माळवद कोरडं असतानाच जड झालेलं असतं, झडीच्या पावसात त्यात पाणी मुरलं की ते भार सोसत नाही. आपल्या जिल्ह्यात मोठ्या पावसात माळवदं खचल्याच्या बातम्या येतात.

वडिलांना सांगा, पावसाआधी गडी लावून वरची भुसभुशीत, जादा माती उतरवून घ्या. उरलेला थर चोपून, उतार पन्हाळीकडे करून, वर पांढऱ्या मातीचा पातळ हात द्या. गवत उपटा. सवण्याची, म्हणजे उजेडासाठी माळवदात ठेवलेल्या भोकाची कड उंच आहे का आणि त्यावरचं झाकण धड आहे का, ते पाहा. घरात तुळयांची भिंतीत गेलेली टोकं तपासा, कारण कूज आणि वाळवी तिथूनच सुरू होते. स्क्रू ड्रायव्हर टोचून पाहा. लोण्यासारखा आत गेला किंवा भुगा पडला तर त्या तुळईखाली लगेच टेकू द्यायला हवा, आणि टेकू फरशीवर नुसता न ठेवता जाड फळीवर उभा करायला हवा. ऐन पावसात गळू लागलं तर ताडपत्री टाकायला हरकत नाही, पण ऊन पडलं की काढायची.

आणि आईवडिलांना हे फोनवर आजच सांगून ठेवा: झडीच्या दिवसांत वरून मातीची ढेकळं सुटू लागली, तुळई करकरली किंवा दार एकाएकी घट्ट बसू लागलं, तर भांडी-कपडे आवरत बसायचं नाही. रात्र असो की पाऊस, बाहेर पडायचं आणि शेजारी पक्कं घर असेल तिथे जायचं. यंदाच्या पावसाळ्यात ते तुमच्याकडे जुळे सोलापुरात राहायला आले तर सगळ्यात बरं. तोवर आतली खोली तयार झालेली असेल.